पेन डिनासच्या स्तंभापाशी असईचेही नाव लिहा : केरेडिगिऑन काउंटी कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केरेडिगिऑन काउंटी कौन्सिल, वेल्स.

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या जिल्ह्याची रहिवासी. मूळची मराठवाड्यातली, आजोळ जालना जिल्ह्यात. नोकरीसाठी ॲबरिस्टविथला आले आणि इथलीच झाले. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे. मराठीत ते उघडपणे प्रसिद्ध करते, कारण मी जे मागणार आहे ते जालना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांविषयी आहे. त्या गावांच्या माघारी त्यांच्या वतीने बोलणे मला योग्य वाटत नाही.

मागणी एवढीच आहे. ॲबरिस्टविथच्या दक्षिणेला, पेन डिनासच्या टेकडीवर, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक फलक लावा आणि १८०३ साली त्याच्या फौजेने मराठ्यांना जिथे हरवले त्या असई, अडगाव आणि गाविलगड या ठिकाणांची तीन नावे त्यावर लिहा. स्तंभाला हात लावू नका. तो पाडा, झाका किंवा हलवा असे मी म्हणत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी जागा सांगते. र्‍हायडॉल आणि अस्टविथ या दोन नद्या समुद्राला मिळण्याआधी त्यांच्यामध्ये एक लांबट टेकडी उभी राहते, ती पेन डिनास. तिच्यावर लोहयुगातला किल्ला आहे, केरेडिगिऑनमधला सर्वांत मोठा. डॅरिल फोर्ड यांनी १९३३ ते १९३७ या काळात तिथे उत्खनन केले आणि अलीकडे पेनपार्काई वस्तीतल्या रहिवाशांना सोबत घेऊन पुन्हा खोदकाम झाले. मातीचे तट अजून पायाखाली स्पष्ट जाणवतात. या किल्ल्याच्या दक्षिणेकडच्या भागात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, वेलिंग्टनचा दगडी स्तंभ बांधला गेला. आकार उभ्या केलेल्या तोफेच्या नळीचा, तोंड आभाळाकडे. समुद्रकाठच्या रस्त्यावरून, रेल्वेतून, गावातल्या बहुतेक चौकांतून तो दिसतो. गावकऱ्यांसाठी तो दिशा ओळखण्याची खूण आहे. घरी परतताना तो दिसला की ॲबर आले.

वॉटर्लूच्या विजेत्याचा स्तंभ म्हणूनच तो सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथे असईचा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

आर्थर वेलस्ली हा वेलिंग्टन व्हायच्या आधी हिंदुस्थानात होता. वसईच्या तहाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीराव पेशव्याने कंपनीचे संरक्षण पत्करले. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हते आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावापाशी, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, त्याची गाठ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली.

वाटाड्यांनी सांगितले की केळणेला जवळपास उतार नाही. वेलस्लीने समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे पाहिली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर लोकांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. इंग्रजी पुस्तकांत हा प्रसंग त्याच्या बुद्धीचा दाखला म्हणून येतो. माझ्या मनात मात्र नेहमी ती दोन गावे येतात. त्या उतारावरून रोज कोण जात असेल? बाजाराला निघालेली माणसे, माहेरी निघालेल्या बायका, गुरे. त्या दिवशी त्याच पाण्यातून फौज उतरली आणि मराठ्यांच्या तोफा तिच्यावर सुरू झाल्या. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडाले.

शिंद्यांचे कवायती पायदळ युरोपीय पद्धतीने शिकवलेले होते आणि तोफखाना फार मोठा होता. गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. शत्रू अंगावर येईपर्यंत ते मारा करत राहिले आणि संगिनींनी तोफांपाशीच मारले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि हल्लेखोर पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. कंपनीच्या बाजूला स्कॉटलंडच्या दोन पलटणी होत्या आणि मद्रासच्या अनेक. ७४व्या हायलँडर्सची पलटण जवळजवळ कापली गेली. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. त्याच्या बाजूची सोळाशेच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मराठ्यांचे बाराशे लोक रणांगणात मरून पडल्याचे त्याने कळवले. ते कोण होते, कोणत्या गावचे, हे कोणी लिहून ठेवले नाही. ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. पुढे आयुष्यात लढाईतली तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे विचारले गेले तेव्हा वेलिंग्टनने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

तोफेच्या आकाराच्या ज्या स्तंभाने त्याचे स्मरण केले जाते, तिथे नेमके ते नाव नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

असईनंतर २९ नोव्हेंबरला अडगाव झाले, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. डिसेंबर संपायच्या आत देवगावच्या तहाने भोसल्यांनी आणि सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी आपापले मुलूख सोडले. पेशवाई नावापुरती आणखी पंधरा वर्षे राहिली. पण दख्खनचा निकाल त्या पाच महिन्यांत लागला होता. वॉटर्लूने युरोपचा नकाशा ठरवला असेल, पण माझ्या पणजोबांच्या पणजोबांचे राजे कोण असणार हे असईने ठरवले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८०३ साली दख्खनमध्ये भूक होती आणि तिला कंपनी एकटी कारण नव्हती. आदल्या वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजांनी नगर आणि पुण्याकडचा मुलूख उजाड केला होता, त्यात पावसाने ओढ दिली. अहमदनगरला वेलस्लीने उपाशी लोकांसाठी अन्न आणि कामाची सोय केली, हेही इतिहासात नोंदलेले आहे. फलकावर राक्षस रंगवावा असे मला मुळीच वाटत नाही. लढाई झाली, कुठे झाली, कोणाशी झाली, किती माणसे गेली, नंतर कोणाचे राज्य आले, एवढे लिहिले तरी पुरे.

तुम्ही म्हणाल, असई आमच्या जिल्ह्यात नाही, मग तिचे नाव आमच्या टेकडीवर का?

याचे उत्तर तुमच्याच रस्त्याकडेला उभे आहे. ॲबरिस्टविथहून दक्षिणेकडे ए४८७ ने निघालो की लानरस्टिडच्या अलीकडे पडक्या घराची एक भिंत लागते. तांबड्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द : ‘कोव्यूख द्रवेरिन’, त्रवेरिनची आठवण ठेवा. त्रवेरिन हे धरणाखाली बुडवलेले एक खोरे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माइक स्टीवन्स या तरुणाने ते तिथे रंगवले. पुढे तो वेल्समधला नावाजलेला साहित्यिक झाला. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. १९५७ साली लंडनच्या संसदेने त्यासाठी कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिले नाही, तरी तो मंजूर झाला. १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्श भाषा बोलणारे गाव धरणाखाली गेले, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर आणि दफनभूमीसह. ६७ पैकी ४८ माणसांची घरे बुडाली. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने त्याबद्दल माफी मागितली ती २००५ साली.

ते गाव केरेडिगिऑनमध्ये नव्हते. ते उत्तरेला, आजच्या ग्वीनेडमध्ये होते. तरी त्याचे नाव तुमच्या हद्दीतल्या भिंतीवर आले आणि तुमच्या लोकांनी ते साठ वर्षे जपले. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोणीतरी त्यावर एल्विसचे नाव रंगवले, एप्रिलमध्ये भिंतीचा काही भाग पाडला. दोन्ही वेळा माणसे आपणहून आली, दगड रचले, रंग लावला. मग तेच दोन शब्द वेल्सभर गोठ्यांवर, कंपाउंडांवर, दुकानांच्या खिडक्यांत दिसू लागले. ती पुन्हा उभी राहिलेली भिंत पाहिली त्या दिवशी मी या जिल्ह्याची झाले असे मला वाटते. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या शहरात स्मारक नाही म्हणून ज्यांनी सोसले त्यांनी आपल्या रस्त्यावर ते लिहिले, आणि कोणाच्याही परवानगीची वाट पाहिली नाही. हे ज्यांना उमगते त्यांना असईची गोष्ट लांबून सांगावी लागू नये.

त्या भिंतीविषयीही एक विनंती आहे. ती खाजगी जागेत आहे आणि ए४८७ हा वेल्श सरकारच्या अखत्यारीतला रस्ता, त्यामुळे सगळे तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण गाड्या वेगात जातात, थांबायला नीट जागा नाही आणि लहान मुलांना घेऊन आलेले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. सरकार, जमीनमालक आणि तुम्ही एकत्र बसून सुरक्षित थांबा करावा. कोणाच्या अंगावर गाडी येईपर्यंत वाट पाहू नये.

तुमच्या जिल्ह्यात जेमतेम ७१ हजार माणसे. तरी उघड्यावरची स्मारके पाहत फिरावे तर इथे किती वेगवेगळे विचार शेजारी उभे आहेत! त्रेगारॉनच्या चौकात हेन्री रिचर्डचा पुतळा आहे, आल्बर्ट टॉफ्टने घडवलेला, १८९३ सालचा. हेन्री रिचर्ड त्याच गावात १८१२ साली जन्मला, १८४८ पासून पीस सोसायटीचा चिटणीस होता आणि १८६८ पासून मर्थरचा खासदार. राष्ट्रांनी आपले तंटे तलवारीऐवजी लवादापुढे मांडावेत यासाठी त्याने आयुष्य वेचले. १८७३ साली कॉमन्स सभेत त्याचा तसा ठराव मंजूरही झाला. शांततेचा प्रेषित म्हणून त्याला ओळखतात. पेन डिनासपासून त्रेगारॉन सतरा-अठरा मैलांवर. एकाच जिल्ह्याने सेनापतीचा स्तंभ बांधला आणि चाळीसएक वर्षांत युद्धविरोधकाचा पुतळा उभारला. दुसरे करताना पहिले पाडावे लागले नाही. मला हीच रीत पुढे न्यायची आहे.

ॲबरिस्टविथच्या किल्ल्याच्या टोकावरचे युद्धस्मारक तर मला युरोपातल्या चांगल्या युद्धस्मारकांपैकी एक वाटते. पालेर्मोचा मारिओ रुटेली त्याचा शिल्पकार. रोममधले नायडांचे कारंजे त्याचेच. १९२३ साली त्याचे अनावरण झाले. वर पंख पसरलेली विजयदेवता आणि खाली, युद्धाच्या गुंत्यातून अंग सोडवून बाहेर पडणारी नग्न स्त्री, म्हणजे मानवता. लोक वरच्या देवतेचे फोटो काढतात. माझे पाय खालच्या बाईपाशी थांबतात. तिच्या चेहऱ्यावर विजय नाही; तिला फक्त बाहेर पडायचे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात याच गावी झालेल्या परिषदेतून वेल्सच्या बायकांची शांततेसाठीची मोहीम सुरू झाली आणि ३,९०,२९६ बायकांच्या सह्यांचे निवेदन अमेरिकेतल्या बायकांकडे गेले. शंभर वर्षांनी ते निवेदन इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात परत आले. त्या टोकावर कधी गेलात तर पूर्वेकडे ग्रंथालयाची टेकडी, दक्षिणेकडे वेलिंग्टनची तोफ आणि मध्ये ही बाई, असे एका नजरेत दिसते.

अलीकडचे उदाहरण लानग्रानोगचे. जून २०२३ मध्ये तिथे क्रानोग्वेनचा पुतळा उभा राहिला, सेबास्टियन बॉयसन यांनी केलेला. सारा जेन रीस हे तिचे खरे नाव, १८३९ ते १९१६. ती जहाजावर काम करत असे आणि खलाशांना नौकानयन शिकवत असे. १८६५ साली ॲबरिस्टविथच्या आयस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या स्पर्धामहोत्सवात, नामांकित पुरुष कवींना मागे टाकून तिने कवितेचे बक्षीस जिंकले आणि नंतर बायकांसाठी ‘अ व्रथोनेस’ हे मासिक चालवले. २०२१ पर्यंत वेल्समध्ये खऱ्या, नाव असलेल्या एकाही स्त्रीचा उघड्यावरचा पुतळा नव्हता. कार्डिफमध्ये बेटी कॅम्पबेल यांचा पहिला झाला, माउंटन ॲशमध्ये एलेन मॉर्गन यांचा दुसरा, आणि तिसरा तुमच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात. गावकऱ्यांनी त्यासाठी पैसे जमवले. माझ्या मुलीला मी जेव्हा तिथे नेते तेव्हा ती क्रानोग्वेनच्या हाताला हात लावून बघते. पुतळा मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर असणे किती चांगले असते!

आता अडचणी. मी त्या टाळत नाही.

पेन डिनास हे संरक्षित पुरातत्त्वस्थळ आहे. तटाच्या आत खांब रोवायचा म्हणजे खाली लोहयुगातली माती. त्यासाठी कादू या वेल्सच्या वारसा विभागाची परवानगी लागेल आणि लागलीच पाहिजे. म्हणून फलक स्तंभाच्या पायथ्याशी नको. पेनपार्काईकडून वर जाणारी वाट जिथे सुरू होते तिथे, फाटकापाशी लावा. चढण्याआधी वाचून माणूस वर गेला तर स्तंभाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

काही सदस्यांना वाटेल की २०२० साली झालेल्या सर्वेक्षणानंतर हा विषय संपला. ब्रिस्टलमध्ये कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा निदर्शकांनी पाण्यात ढकलल्यावर वेल्श सरकारने गेनोर लेगॉल यांच्या नेतृत्वाखाली तो अहवाल करून घेतला आणि वेल्समधली दोनशेहून अधिक स्मारके, इमारती आणि रस्त्यांची नावे गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली असल्याचे दाखवले. फार मोलाचे काम झाले. त्याचा भर मुख्यतः गुलामगिरीवर होता. हिंदुस्थानातल्या युद्धांची नोंद गावोगाव व्हायची बाकी आहे. नंतर २०२३ मध्ये सरकारने सार्वजनिक स्मरणाविषयी सार्वजनिक संस्थांसाठी मार्गदर्शिका काढली. स्मारकांचा फेरविचार करताना ज्यांच्याशी तो इतिहास निगडित आहे त्या समाजांना विचारा, हा तिचा सूर आहे. मी त्या समाजांपैकी एका समाजातली, आणि विचारायची वाट न पाहता सांगते आहे.

मुंबईत वेलिंग्टनच्या नावाचे कारंजे आहे, १८६५ साली बांधलेले, रीगल सिनेमापुढच्या चौकात. ते आजही उभे आहे. त्याची डागडुजीही झाली. तिथून जवळच काळा घोडा. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला आणि २०१७ मध्ये त्या जागी स्वाराशिवायचा घोडा बसवला. दोन्ही वाटा महाराष्ट्राने चालून पाहिल्या आहेत. कारंज्यापाशीही असईबद्दल काही लिहिले जावे, हे मी मुंबई महापालिकेला स्वतंत्रपणे कळवीन. तुम्हाला सांगायचे आणि घरच्यांना सोडायचे, असे होणार नाही.

लिहून ठेवण्याला केवढी किंमत असते याचा एक दाखला लानदेवी ब्रेवीत आहे. तिथल्या चर्चमध्ये इड्नर्टचा कोरीव दगड होता, संत डेव्हिडचे नाव असलेल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. एडवर्ड लुइड यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यावरचा मजकूर उतरवून घेतला. पुढे दगड फुटला आणि त्याचे तुकडे बांधकामाचे दगड म्हणून भिंतीत बसवले गेले, ते आजही तिथे दिसतात. एका माणसाने वेळेवर लिहून घेतले म्हणून त्या दगडावर काय होते ते आज कळते. असईचे गोलंदाज, मद्रासचे शिपाई, हायलँडर्स, पिंपळगाव-वरूडचे लोक यांच्यासाठी मी एवढेच मागते.

जाता जाता देखभालीबद्दल. या किनाऱ्यावर ब्राँझ टिकवणे सोपे नाही. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ धातूत शिरते, हिरवट भुकटी सुटू लागते आणि वेळच्या वेळी धुऊन मेणाचा लेप दिला नाही तर कोरीव काम बोथट होते. जानेवारी २०१४ च्या वादळाने ॲबरिस्टविथचा समुद्रकाठचा रस्ता उखडला होता, हे आपण सगळ्यांनी सोसले आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक पुतळ्याची, स्तंभाची आणि भित्तिचित्राची, कार्डिगनच्या नदीकाठच्या पाणमांजरापासून हावोदच्या कमानीपर्यंत, मालकी कोणाची आणि निगा कोणी राखायची अशी एक उघड यादी कौन्सिलने ठेवावी. काही पुतळे विद्यापीठाचे, काही चर्चचे, काही गावसभांचे. वादळानंतर फोन कोणाला करायचा हेच लोकांना कळत नाही.

फलकाचा मसुदा मी सोबत देते. त्यात काटछाट करायचा अधिकार तुमचा आणि इतिहासकारांचा.

“हा स्तंभ ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उभारला गेला. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करण्याआधी ते आर्थर वेलस्ली या नावाने हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढले. १८०३ साली आजच्या महाराष्ट्रातल्या असई, अडगाव आणि गाविलगड येथे त्यांच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या मराठा फौजांचा पराभव केला. या युद्धात हजारो माणसे मेली आणि जखमी झाली; त्यांत मराठा सैनिक होते, मद्रासचे शिपाई होते आणि स्कॉटलंडचे सैनिकही होते. या विजयांमुळे दख्खनवर कंपनीची सत्ता प्रस्थापित झाली. असई ही आपली सर्वोत्तम कामगिरी होती असे वेलिंग्टन यांनी स्वतः सांगितले होते.”

हा मजकूर वेल्श आणि इंग्रजीत असावा, वेल्श आधी, इथल्या रीतीप्रमाणे. तीन गावांची नावे मात्र खाली देवनागरीतही असावीत. वेल्समध्ये शिकायला आलेला जालन्याचा किंवा अमरावतीचा विद्यार्थी कधी त्या टेकडीवर चढला तर आपल्या गावाचे नाव आपल्या अक्षरांत त्याला वाचता यावे.

खर्चाचा बोजा तुमच्यावर पडू नये. क्रानोग्वेनसाठी लानग्रानोगने लोकांकडून पैसे जमवले. फलकासाठी आम्ही ब्रिटनमधले मराठी लोक वर्गणी काढू, आणि फलक वाऱ्यापावसाने खराब झाला तर तो बदलण्याचा खर्चही देऊ. त्यासाठी कौन्सिलकडून आधी दोन गोष्टी लागतील : जागेबाबत कादूशी बोलणी आणि मजकूर तपासण्यासाठी एक लहान समिती. तिच्यात वेल्श इतिहासकार असावेत, पेनपार्काईचे रहिवासी असावेत आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक किमान एक असावा. हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि रहिवाशांना तीन मिनिटे बोलू द्यायची सोय असेल तर माझे नाव त्यात घालावे, ही विनंती.

असई, अडगाव आणि चिखलदरा परिसरातल्या वाचकांना एक सांगणे. तुमच्याकडे लढाईच्या जागांची गावात चालत आलेली नावे, जुने कागद, थडग्यांच्या जागा, घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी असतील तर त्या लिहून काढा आणि समिती झाल्यावर तिच्याकडे पाठवा. असईच्या ग्रामपंचायतीला या पत्राची प्रत मी पाठवते आहे. मसुद्यात चूक असेल, कोणाचे नाव राहिले असेल, तर फलक कोरला जाण्याआधीच दुरुस्त होऊ द्या.

आपली विश्वासू,
केरेडिगिऑनची एक मराठी रहिवासी
ॲबरिस्टविथ